कै. मास्तर यांचे स्थलांतर

मास्तरांच्या छापखान्यात गेली तीस वर्षं निधनाची पत्रंच जास्त छापली जात. त्यामुळे नाव दिसलं की त्यांचा हात आपोआप आधी 'कै.' लावायचा. सवय म्हणजे सवय हो! जागा बदलल्याचं कार्ड त्यांनी स्वतःच जुळवलं, स्वतःच छापलं आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना धाडलं: 'कै. मास्तर यांचे नव्या जागेत स्थलांतर होत आहे. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.'

सकाळी शेजारच्या दुकानातला घड्याळजी हार घेऊन आला. मास्तर दारातच शाईचे हात पुसत उभे! हार तिथंच टाकून तो जो पळाला! काय प्रकार आहे कळेना, म्हणून चुलतभावाच्या घरी फोन लावला. मास्तरांनी "हॅलो" म्हणताच वहिनींनी किंकाळी फोडली. "अहो वहिनी, मीच बोलतोय, धडधाकट आहे!" शेवटी कार्ड नीट वाचल्यावर मास्तरांची ट्यूब पेटली. हसता हसता ते कागदांच्या गठ्ठ्यावर बसले.

आणि ताडकन उठले. बाइंडरीण! भिंतीपलीकडे पुस्तकं शिवणाऱ्या तिलाही कार्ड गेलं होतं.

तीस वर्षांपूर्वी याच दारात ती म्हणाली होती, "परगावी काम मिळतंय. जाऊ की राहू?" मास्तरांचं मन 'राहा, राहा' म्हणत होतं, तोंडातून मात्र निघालं, "तुझी मर्जी." ती गेली, सहा वर्षांनी परतली, आणि तेव्हापासून दोघं बोलायची ती फक्त पानांबद्दल आणि पुठ्ठ्यांबद्दल. नवी जागा तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आज विचारलं नाही तर संपलंच.

तेवढ्यात ती आलीच. एकाच पायात चप्पल, बोटांना खळ, डोळे लालबुंद. मास्तरांना बघून थबकली आणि कडाडली, "मेल्या!"

"नाही ना मेलो!"

"मग माझा जीव का घेतलास? कार्ड वाचून आधी काय आठवलं, माहितेय? तुझं ते 'तुझी मर्जी'!"

मास्तरांची जीभ या खेपेला मात्र वळली. "राहा," ते म्हणाले. "म्हणजे, चल. माझ्याबरोबर, नव्या जागेत. उशीर झालाय, कळतंय मला."

तिनं नाक पुसलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि कानामागची पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"आधी तो 'कै.' खोड. तिथं 'चि.' लाव."

"अगं, साठीच्या माणसाला चि.?"

"मग नवरदेवाच्या नावाआधी दुसरं काय लावतात? आणि या खेपेला प्रूफ मी वाचणार!"