दुपारचं पाणी

मित्रांनो, माझे सहा पंख होते. आता चारच फिरतात. मी पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातली एक जुनी ढवळणी आहे. श्रीलंकेतल्या कँडी शहराच्या एका कारागिराने शिवणयंत्राची मोटर बसवून मला घडवलं आणि इथे तलावाकाठी पाठवलं.

माझं काम ऐकायला सोपं आहे. सहा बरण्यांत तलावाचं हिरवं पाणी भरायचं आणि प्रत्येकीत तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत न्यायची. आधी मी जोरात फिरायचे, मग अगदी हळू, मग थांबायचे. शेवाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके व्हायचे आणि तळाशी बसायचे. सर्वांत नितळ बरणीची मात्रा गावाच्या पाण्याला मिळायची. चौदा हजार माणसं माझ्या शब्दावर पाणी प्यायची. मला थोडा तोरा होता, खोटं कशाला सांगू?

इरांगनी अक्का मला चालवायच्या. काम झालं की पंख पुसत म्हणायच्या, "दमलीस गं बाई!" त्या निवृत्त झाल्या आणि नव्या साहेबांनी छापील तक्त्याप्रमाणे तुरटी सोडणारा पंप आणला. मी कपाटावर गेले, वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, कागदी कंदिलांखाली. चार वर्षं मी अक्कांच्या चपलांचा आवाज शोधत होते. फार आठवण यायची.

यंदा तलाव आटला आणि शेवाळ माजलं. तक्त्याप्रमाणे तुरटी वाढवली, तरी पाणी हिरवंच. चहावाला सिरिपाल केंद्राच्या दारात येऊन म्हणाला, "दिनुषा, नळाला कोला केंद सोडलीस की काय? हिरवी पेज झकास झालीय, गुळाचा खडा तेवढा विसरलीस!"

दिनुषा ही आमची नवी रसायनतज्ज्ञ. तिला हसू आलं नाही. पुढच्या महिन्यातल्या पोसोनच्या पौर्णिमेच्या सणापर्यंत जमलं नाही तर नळ बंद करू, लोक विहिरींवर जातील, असं साहेबांनी बजावलं होतं. तिच्या आईची मूत्रपिंडं नाजूक होती आणि विहिरीचं पाणी डॉक्टरांनी बंद केलं होतं.

तिने मला खाली उतरवलं. गंजून दोन पंख अडकले होते. चार बरण्यांत सकाळी परीक्षा केली. तिसरी काचेसारखी नितळ! पण तीच मात्रा देऊनही दुपारनंतर नळाला हिरवंच आलं. तीन दिवस असंच चाललं. शेवटी रडवेली होऊन तिने अक्कांना स्पीकरवर फोन लावला.

"पाणी कधी घेतेस?" तो आवाज ऐकून मला भरून आलं.

"सकाळी आठला, अक्का."

"आणि हिरवं कधी येतं?"

"दुपारनंतर."

"मग सकाळच्या पाण्याला कशाला विचारतेस, वेडे? ऊन चढलं की शेवाळ पाण्यातला आंबटपणा ओढून घेतं. तुरटीला पकड कशी मिळणार? दुपारचं पाणी घे. आधी थोडं आम्ल, मग तुरटी."

दुपारी दोनला मी जीव तोडून फिरले. पुंजके धरले, तळाशी बसले. पोसोनला गावात फुकट सरबत वाटलं गेलं, तेही आमच्याच पाण्याचं.

साहेब खूश झाले. मला हार घालून काचेच्या कपाटात ठेवू म्हणाले. दिनुषा म्हणाली, "नको साहेब, दुपारी तिला काम असतं." मित्रांनो, जुन्या वस्तूंना हार घालू नका, तेल घाला. आणि त्यांना कामाला लावा.

एक सल मात्र होती. अक्कांनी माझी चौकशी केली नव्हती. गुडघे गेल्यामुळे त्या आता येऊही शकत नाहीत. पोसोनच्या दुसऱ्या दिवशी दिनुषाने त्यांना फोन करून कळवलं, "आई नळाचं पाणी प्यायली, अक्का. ढवळणीने वाचवलं."



"ती आहे अजून? मला वाटलं, भंगारात दिली असेल. म्हणून विचारायचा धीरच झाला नाही गं. जरा लाव तिला. ऐकू दे."

दिनुषाने फोन माझ्याजवळ ठेवला. बरण्या रिकाम्या होत्या, ढवळायला काहीच नव्हतं. मी फिरत राहिले, आणि अक्कांनी बराच वेळ फोन ठेवला नाही.