उझदमूर सुलतान झाला

किल्ल्यावर अवेळी नगारे वाजू लागले तेव्हा तुलूनाय जेवणासाठी सोललेल्या कबुतरांत गव्हाचा भरडा भरत होती. नवरा, सरदार उझदमूर, दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे. दासी चौकातून धावत आली. सुलतान कराबुल शिकारीच्या तंबूत मारला गेला होता, नव्या सुलतानाची द्वाही फिरत होती. तुलूनायने नाव विचारलं. दासी खाली बघत म्हणाली, आपलेच धनी.

तुलूनायने हातातलं कबूतर खाली ठेवलं. कराबुल परवाच तिच्या घरी जेवून गेला होता. त्याला आणि उझदमूरला लहानपणी एकाच सरदाराने बाजारात विकत घेतलेलं. दोघं एका घोंगडीखाली झोपले, एकत्रच तलवार शिकले.

संध्याकाळी उझदमूर आला. अंगावर राज्याभिषेकाचा काळा झगा. पाणी प्यायला आणि म्हणाला, उद्या किल्ल्यावर राहायला जायचं.

"कुणी मारलं त्यांना?"

"मी."

"भाऊ म्हणायचात त्यांना."

"त्याने आधीच्या सुलतानाला कापलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्या दिवशी तूच घरात गोडधोड केलं होतंस."

खरं होतं.  तिने मुलाचं, युसुफचं, पुढे काय म्हणून विचारलं.

"तो घरात जन्मला. त्याला कुणी विकत घेतलं नाही. ही गादी विकत घेतलेल्या गुलाम शिपायांची, बापाकडून लेकाला जात नाही. माझ्यामागे जगला तरी पुष्कळ."

सकाळी ती आधी कराबुलच्या बायकोकडे, आयसूलकडे गेली. तिला बघताच रडणाऱ्या बायका गप्प झाल्या, उठून उभ्या राहिल्या. तिची जन्माची मैत्रीण आयसूल, सुलतानाच्या बायकोपुढे वाकतात तशी, वाकून जमिनीला ओठ लावू लागली. तुलूनायने तिला धरून उठवलं. 

"तुझ्या नवऱ्याची माणसं पहाटे माझ्या लेकाला घेऊन गेली," आयसूल कानाशी म्हणाली. "तुझ्या लेकाला आजच कुठेतरी धाड. मी उशीर केला गं."

तुलूनाय घाईने घरी आली. मिसरूड फुटलेल्या युसुफला तिने त्याच्या दाईच्या नवऱ्याबरोबर, उंटवाल्यांच्या तांड्यातून दूर शाम देशाकडे लावून दिलं. तो का म्हणून विचारत होता. तिने सांगितलं नाही.

किल्ल्यावर पहिल्या जेवणाला उझदमूरने इकडेतिकडे पाहिलं. "युसुफ कुठाय?"

"नाही सांगणार," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. मग तिने रांधलेलं ताट जवळ ओढलं. पुन्हा कधी विचारलं नाही.