निळ्या बोटीची जाळी

टोरगेरने रेडिओ तोंडाशी धरला, पण बटण दाबायला त्याला जरा वेळ लागला. समोर, जहाजाच्या अगदी वाटेत, एक निळी बोट उभी होती. एके काळी ती निम्मी त्याच्या मालकीची होती.

“निळी बोट, सर्वेक्षण जहाजावरून बोलतोय. आमच्या मागे पाण्यात आठ किलोमीटर लांब केबली आहेत, वळता येत नाही. उत्तरेला सरकता का?”

थोडी खरखर झाली. मग आवाज आला, “सरकू कसा? खाली जाळी आहेत माझी. काढायला संध्याकाळ होईल.”

हालवार्ड. थोरला भाऊ. टोरगेरने आपला हिस्सा विकून कंपनीची नोकरी धरली, तेव्हापासून हालवार्डने त्याच्याशी अबोला धरला होता. समुद्रतळाखालचं तेल हुडकायला ही जहाजं पाण्यात हवेचे बार काढतात, मासे पळून जातात, आणि माझा सख्खा भाऊ त्यांना वाट मोकळी करून देतो, असं तो स्मोला बेटाच्या धक्क्यावर भेटेल त्याला ऐकवायचा. खोटं नव्हतं. कोळ्यांशी त्यांच्या भाषेत बोलून वाट मोकळी करणं, हेच टोरगेरचं काम होतं.

“संध्याकाळ होईल म्हणतो,” त्याने कप्तान सिग्रिडला सांगितलं.

तिने कपाळाला हात लावला. कंपनीची निम्मी जहाजं विकली गेली होती. उरलेल्यांचा वेळ वाया गेला की ओस्लोच्या मुख्य कचेरीतून लगेच विचारणा होई.

“बरं, पलीकडची सर्वेक्षणाची रेषा आधी घेऊ. पण त्याची खबरबात घेत राहा.”

टोरगेर खबरबात घेत राहिला.

“निघाली का जाळी?”

“निघतायत.”

“मासळी?”

“आहे थोडी. तुमच्या धडाक्यातून वाचलेली.”

पुढच्या खेपेला टोरगेरने विचारलं, “गुडघा काय म्हणतो?”

“तुला काय करायचंय?” आणि लगेच पुढे, “पायऱ्या चढताना बोंबलतो.”

दुपारी हालवार्डनेच हाक मारली. “आईच्या घराचं छप्पर बदललं मी.”

“एकट्याने?”

“मग काय, तुझं जहाज बोलवायचं होतं?”

टोरगेर मोठ्याने हसला. सिग्रिड पडद्यावरचे आकडे फार लक्ष देऊन पाहू लागली.

संध्याकाळी जहाज वळून आलं. निळी बोट निमूट उत्तरेला सरकली होती. टोरगेरने दुर्बीण लावली. बोटीवर एकही सीगल घिरट्या घालत नव्हता. जाळी ओढणाऱ्या बोटीमागे तर त्यांचा नुसता कालवा असतो. मागचा डेक कोरडा होता. जाळी होती, पण सगळी नीट घडी घालून, ताडपत्रीखाली बांधलेली.

“काढली ना सगळी?” सिग्रिडने विचारलं.

“काढली,” टोरगेर म्हणाला आणि दुर्बीण खाली ठेवली.

रेडिओ खरखरला.

“ऐकतोयस का रे? उद्या परत जाळी टाकीन म्हणतो.”

“कुठे?”

“ते तूच सांग. उद्या कुठून जाणार आहात तुम्ही?”