ब्लेन्किनचा खांब

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. त्यापुढं गवत आणि मग समुद्र. कडा भिंतीपासून नऊ मीटरच्या आत आला की घर सोडायचं, तसं पत्रच होतं काउन्सिलचं. बाबा दर रविवारी पावलांनी मोजायचे. दर वेळी बाराच पावलं, म्हणजे नऊ मीटरच्या वर.

त्यामुळं भूगोलाची सहल आमच्याच गल्लीत आली तेव्हा मला जेवण गेलं नाही.

कड्यापर्यंतचं अंतर मोजायचं होतं शेजारच्या ब्लेन्किनच्या कुंपणाच्या खांबापासून. गेल्या वर्षीच्या मुलांनीही तिथूनच मोजलेलं, चोवीस पूर्णांक सहा मीटर. उत्तरेच्या गावानं दगडांचा बांध घातल्यापासून आमच्याकडं येणारी वाळू अडतेय, कडा जास्त ढासळेल, असं भूगोलाच्या मिस हेब्डनचं म्हणणं. मिस पोटावर झोपून कड्यापर्यंत टेप घेऊन गेल्या.

"चोवीस पूर्णांक आठ!"

"वाढलं?" वर्गातली केझाया ओरडली. "मिस, यॉर्कशर मोठं होतंय!"

सगळे हसले. मी तर उडीच मारली. घर वाचलं.

तेवढ्यात ब्लेन्किन कुत्रा घेऊन आला. "काय रे पोरांनो, कसली पार्टी?"

"तुमच्या खांबापासून मोजलं. जमीन गेलीच नाही!"

"हा खांब?" तो इतका हसला की कुत्रा भुंकायला लागला. "अरे, हा मी दर वसंतात उपटतो आणि चार पावलं मागं ठोकतो. नाहीतर गाई पोहायला जातील."

मिसचा चेहरा पडला. माझा त्याहून.

"इकडं ये, नेड," म्हणत त्यानं मला बाजूला नेलं. तिथं कडा आत वळलेला, समोर त्याचीच मातीची भिंत दिसत होती. तिच्यातून एक भाजलेल्या मातीची नळी बाहेर आलेली, थेंब थेंब गळत. "माझ्या आज्यानं पुरलेली, शेतातलं पाणी काढायला. शेताच्या मधोमध."

"मधोमध? मग शेताचा बांध कुठं होता?"

त्यानं समुद्राकडं बोट केलं. खेकडे पकडणारी बोट उभी होती, पार लांब. "तिच्या थोडा पलीकडं."

मी बघतच राहिलो. बोटीपर्यंत गहू. पाणी चहासारखं तपकिरी, म्हणजे ती आमचीच माती. परीक्षेत मी बाण काढायचो, वाळू दक्षिणेला जाते म्हणून. तो बाण आमच्या स्वयंपाकघराखालून जात होता. आणि दक्षिणेला, दूर, वाळूची एक लांब जीभ उन्हात चमकत होती. ती कुणाकुणाच्या शेतांची झालेली. किती वर्षं चाललंय हे, आणि मी इथं सायकल चालवायला शिकलो.

"मिस," मी म्हणालो, "आमच्या भिंतीपासून मोजूया. भिंत कुणी हलवत नाही."

"नेड, नक्की?"

मी टेपचं टोक विटांवर दाबून धरलं. मिस पुन्हा पोटावर झोपल्या. आकडा दोनदा वाचला.

"आठ पूर्णांक सात."

बाबा चहाचा मग घेऊन दारात आले. "किती?"

सांगितलं.

"हं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "पावलं छोटी करत होतो रे मी. मार्चपासून."

आकडा मीच वहीत लिहिला. मग वर्ग परत गेला, आणि बाबा आणि मी तिथंच उभं राहून त्या वाळूच्या जिभेकडं बघत राहिलो, ऊन जाईपर्यंत.

"आपली माती तिकडं पोचायला किती दिवस लागतील रे?" बाबांनी विचारलं.

मी वही उघडली. आठ पूर्णांक सातच्या खाली दक्षिणेकडं जाणारा एक बाण काढला.