स्टंपाची देवी

"सरका रे, गाडी आत घेऊ दे," म्हणत बाळाजीने टेम्पो थेट तेजस्वीच्या रन-अपवर आणून उभा केला.

"बाळाजीकाका, दोनच ओव्हर राहिल्यात," तेजस्वी बोलली.

"घरी जाऊन भांडी घास. त्यात कोणी आउट करत नाही."

अंबरनाथच्या मोरिवलीतल्या चाळीमागचा तो मोकळा तुकडा. मालक-मालक कोर्टात भांडत होते, म्हणून जागा कोणाचीच नव्हती, म्हणजे बाळाजीची. त्याचे टेम्पो कारखान्यांचा माल वाहायचे आणि दुपार कलली की इथे येऊन झोपायचे. मधोमध गुडघ्याएवढा एक काळा दगड होता, तोच पोरांचा स्टंप. दहा वर्षांच्या तेजस्वीचा बॉल त्यावर बसला, की टप्पकन आवाज चाळीच्या पहिल्या खोलीपर्यंत जायचा आणि आत तांदूळ निवडणारी तिची आजी विठा ओरडायची, "गेला का रे मुडदा?"

विठा म्हणजे थापांचं कोठार. तिच्या बापाने बारवीच्या जंगलात वाघाला शिव्या घालून घालून रडवलं होतं आणि मग नांगराला जुंपलं होतं. ती स्वतः धरणावर हंडा भरायला गेली, तर पाणी वीतभर खाली गेलं आणि साहेब लोक टेप घेऊन धावत आले. पोरं आ वासून ऐकायची. तेजस्वी सगळ्यात पुढे बसून "आजी, फेकतेस," म्हणायची आणि लगेच विचारायची, "मग वाघ काय बोलला?"

"दुसरं मैदान बघू," विठा त्या संध्याकाळी बोलली. "अंबरनाथ काय एवढंसं हाय?"

रविवारी आजी-नात निघाल्या. पहिल्या बागेत घसरगुंडीचा खालचा पत्राच गेलेला. पोर वरून सुटलं की थेट चिखलात. तिथल्या बाकावरच्या म्हाताऱ्याने काठीने पाटी दाखवली: बॉल आणू नये. दुसरं मैदान झकास होतं, पण लग्नाला दिलेलं. तिसरं शाळेचं, त्याला कुलूप. शेवटी रिक्षा करून बदलापूरला गेल्या. तिथे एका टॉवरखाली पायाला मऊ लागणारी रबराची लादी, लाल झोके, आणि झोक्यांवर कोणी म्हणजे कोणी नाही.

"कुठल्या फ्लॅटमधून?" वॉचमनने विचारलं.

"सगळ्यात वरून," विठा बोलली. "हेलिकॉप्टरने उतरलो."

"मग त्यातूनच परत जा, आजी."

 परतताना तेजस्वी रिक्षाभर बॉल एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिली. विठाने वाघ काढून पाहिला, पोरगी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधी विठा उठली. देव्हाऱ्यातली शेंदराची डबी घेतली, तेल घेतलं, आणि स्टंपाला नखशिखांत शेंदूर फासला. वर दोन जास्वंदी आणि एक लिंबू. टेम्पोचे ड्रायव्हर आले तेव्हा ती केस मोकळे सोडून दगडासमोर डुलत होती.

"झोपेतून उठवलं मला रानजाई देवीनं," ती घोगऱ्या आवाजात बोलली. "बोलली, माझ्या डोक्यावर डिझेल सांडतात मेले."

एका ड्रायव्हरने आधी चपला काढल्या, मग गिअर टाकला. दुपारपर्यंत जागा रिकामी.

पोरांना तिने वेगळं सांगितलं. "ह्या देवीला खेळ लय आवडतो. पोरीच्या बॉलिंगवर तर खूश होते." मग तेजस्वी रोज दगडाला हात लावून कपाळाला लावायची, मागे जायची आणि धावत येऊन दणका द्यायची. अख्खा उन्हाळा चाळीमागे तो टप्पकन आवाज होत राहिला आणि विठा आत बसून मुडदे मोजत राहिली.

बाळाजी भांडायला आला नाही. पत्रे घेऊन आला.

"विठामावशी, देवी उघड्यावर बरी नाही दिसत."

आधी छप्पर झालं. मग फरशी, मग सगळ्या तुकड्याला तारेचं कुंपण, गेट आणि कुलूप. पाटी लागली: चपला बाहेर काढाव्यात, खेळण्यास सक्त मनाई. उद्घाटनाला विठाला साडी-नारळ देऊन पुढे बसवलं. ती उठली आणि सगळ्यांसमोर बोलली, "अरे, शेंदूर मी लावला. ह्या माझ्या हातांनी. देवी-बिवी काय नाय."

लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, "देवी तिच्या तोंडून परीक्षा बघते," तशी सगळ्यांनी तिलाच हात जोडले.

प्रसाद देताना बाळाजी तिच्या कानाशी वाकला. "मावशी, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुमच्या नखांत होता शेंदूर. पण नुसते टेम्पो लावले की पालिकेची गाडी उचलायला येते. देवीला कोण उठवणार?"

दुसऱ्या दिवशी देवळामागे त्याचे टेम्पो ओळीने लागले. प्रत्येकाला लिंबू-मिरची.

पोरं रस्त्यावर खेळायला लागली. बॉलमागे धावताना तेजस्वीला रिक्षाने उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. शेजारची काशी केळी घेऊन भेटायला आली. केळी उशाशी ठेवता ठेवता म्हणाली, "देवीला बॉल मारायची ना ही. ती विसरत नाही हो." आणि चहा पिऊन गेली.

तेजस्वी छताकडे बघत पडली होती.

"आजी, किती वेळा लागला असेल गं तिला?"

"कोणाला?"

"देवीला."

विठा खाटेवर बसली. पोरीचा हात हातात घेतला. "बाय, ती देवी नाय. तुझा स्टंप हाय. टेम्पो हटवायला मी शेंदूर फासला. थाप मारली मी."

तेजस्वीने तिच्याकडे नीट बघितलं.

"फेकू नकोस आजी. आज नको."

"तुझ्या गळ्याची शपथ."

"वाघाच्या वेळी पण घेतलेलीस."

विठाने हाताची नखं तिच्यासमोर धरली, पण शेंदूर केव्हाच धुऊन गेला होता. 

पोरीने हट्टच धरला, माफी मागायची. शुक्रवारी तिच्या बापाने, श्यामकांतने, तिला दोन्ही हातांवर उचलून देवळात नेलं. प्लास्टरचा पाय दारात अडकला, तो तिरका करून आत घ्यावा लागला. तेजस्वीने फ्रॉकच्या खिशातून बॉल काढला आणि दगडाच्या पायाशी, नारळांमध्ये ठेवला.

"आता नाही मारणार," ती हळूच बोलली.

बाळाजीने घंटा वाजवली. "विठामावशी, तुम्ही पण टेका डोकं. पोरीसाठी."

विठाने त्याच्याकडे बघितलं. मग नातीकडे. नात डोळे मोठे करून वाट बघत होती. विठा गुडघ्यांवर हात देत खाली बसली आणि तिने स्टंपाला डोकं टेकलं. कपाळाला तेल लागलं. तिचंच तेल, आता सगळ्या गावाचं.

उठताना तिच्या पदराने नारळ हलला. बॉल सुटला, ओल्या फरशीवरून घरंगळत मागच्या दाराने बाहेर गेला आणि टेम्पोच्या चाकाशी जाऊन थांबला.

कोणी आणायला धावलं नाही.