पंचवीस घरं

माझ्यामुळे एका मुलीचं आयुष्य फिरलं, असं म्हणणं म्हणजे उगाच मोठेपणा घेणं होईल. माझ्यासारख्याच्या हातून कुणाचं काय होणार? पण तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तैनानच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा ते शिकवायला कुणीच नव्हतं. गणिताचा मास्तर म्हणून मला उभं केलं. आदल्या दिवशी पुस्तकात वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच मुलांना सांगायचं, एवढीच माझी विद्या. त्या उन्हाळ्यात तैपेईला कॉम्प्युटरचं शिबिर होतं आणि शाळेला एकच जागा होती. मी परीक्षा घेतली: पाच बाय पाच घरांच्या चौकोनात एक ते पंचवीस आकडे क्रमाने भरणारा प्रोग्राम लिहा.

चुआंग मेइ-युनचा चौकोन छापून आला तो असा: वरच्या ओळीत डावीकडून एकवीस, सोळा, अकरा, सहा, एक. पुस्तकात एक, दोन, तीन, चार, पाच होतं. मी शून्य दिलं. जागा एका डॉक्टरच्या मुलाला मिळाली.

ती कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"सर, माझं कुठे चुकलं?"

"आकडे उलटसुलट पडलेत."

"उलटसुलट कुठे? हे बघा, वरून खाली एक ते पाच. मग शेजारी सहा." तिचं बोट उजव्या टोकापासून निघून डावीकडे सरकत गेलं. "बाबा असंच तर लावतात."

तिचे वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे.

"पुस्तकात तसं नाही," मी म्हणालो.

"पुन्हा बघाल ना, सर?"

"बघतो. कागद ठेव इथे."

घरी आल्यावर नेहमीसारखा लेख लिहायला बसलो. चौकटींचा कागद, एका घरात एक अक्षर. आमची चिनी अक्षरं उभी लिहायची: उजवीकडचं वरचं घर, तिथून खाली, मग डावीकडची ओळ. सहाव्या अक्षरावर हात थांबला. तीस वर्षं मी स्वतः असाच लिहीत होतो. शिवाय तिने आकडेमोडही जास्त अवघड केली होती, आणि तीत एकही चूक नव्हती. मी शून्यावर काट मारून शंभर लिहिले.

सकाळी आमच्या हुंगला गाठलं. परीक्षांचं काम तो बघायचा.

"यादी लागलीय, लिएन. पोराच्या आईने अननसाचे केकही वाटले. तू दोन खाल्लेस."

"प्रश्नात दिशाच सांगितली नव्हती रे. चूक माझी आहे."

"मग जा की हेडमास्तरांकडे. सांग, मला प्रश्न काढता येत नाही म्हणून. येऊ का सोबत, हात धरायला?"

दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी मोठ्याने हसत होतं. परत फिरलो.

आठवडाभर मेइ-युन मी दिसलो की थांबायची. मग थांबेनाशी झाली. कॉम्प्युटरच्या खोलीतही यायची बंद झाली. शाळा संपल्यावर ती वडिलांच्या छापखान्यात लागली, एवढं कानावर आलं.

गेल्या वसंतात माझ्या लेखांचं लहानसं पुस्तक काढायचं मनात आलं. मुद्दाम तिच्याच छपाईच्या दुकानात गेलो. खिळे कधीच गेले होते. पडद्यासमोर ती बसली होती, केस पिकलेले. हस्तलिखिताच्या पहिल्या पानाखाली मी तो कागद ठेवला होता. तो दाखवायचा आणि बोलून टाकायचं, एवढं ठरवून आलो होतो.

"अगंबाई, लिएन सर! बसा, चहा घ्या. अजून हातानेच लिहिता?"

"सवय."

"मजकूर उभा लावू की आडवा?"

"उभाच. त्यात विचारायचं काय?"

"मी सगळ्यांना विचारते, सर. एकदा न विचारता भरून बसले होते, आठवतंय?" ती हसली. "मूर्ख होते मी. प्रश्न आधी नीट समजून घ्यायला नको?"

मी तोंड उघडलं.

"चहा फार गरम आहे," मी म्हणालो.

"थांबा, गार पाणी आणते." ती आत गेली. तेवढ्यात मी तो कागद हस्तलिखितातून काढून खिशात घातला.