दोघांनी बसवायचं रबर

रावपुऱ्यातल्या त्या दुकानदाराने मला रबरातलं काही शिकवू नये. आमच्या फियाटच्या पुढच्या काचेचं रबर चाळीस वर्षांत पाचदा बदललं, पाचही वेळा घरीच, अंगणात. बदललं म्हणजे मी आणि आमच्या ह्यांनी. हे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. ह्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

गाडी त्रेसष्ट सालची. आता मीच चालवते, दर रविवारी मकरपुऱ्यापर्यंत जाऊन येते, नाहीतर बॅटरी बसते. गेल्या आठवड्यात गाडी धुतली, तर बादलीतलं निम्मं पाणी आत, पायाशी. तेवढ्यात पुण्याहून कुणालचा, म्हणजे आमच्या मुलाचा फोन. बोलून गेले मी. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

"आई, एकटीने कशाला हे लचांड? रविवारी येतोय मी, गिऱ्हाईक बघून टाकू."

"तू यायच्या आत काच नीट करते. नाही झाली तर खुशाल वीक," मी म्हणाले. जिभेला काही हाड? पण बोलून बसले. गाडी गेली तर ह्यांचं घरात काय उरणार होतं? भिंतीवरचा फोटो. त्यात बसून कुठे जाता येत नाही.

मेकॅनिकचं नावच नको. एकाने पूर्वी काच तडकवली होती, तशी दुसरी मिळवायला ह्यांना दीड वर्ष लागलं. तेव्हापासून ह्या काचेला परक्याचा हात लागलेला नाही.

जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून नमुना म्हणून नेला. दुकानदाराने दोन वेटोळी काढून समोर टाकली. एक पट्टीवालं. त्यात आधी रबर, मग काच, शेवटी वरून पट्टी ठोकायची. दुसरं साधं. त्याच्या खाचेत दोरी भरतात. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आत बसून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते.

"पट्टीवाळुं लई जाव, काकी," तो गुजरातीत म्हणाला. "एकला माणसथी बेसी जाय." एकट्या माणसाला बसवता येतं म्हणे.

"साधंच दे. आमचं नेहमीचं."

"पण बेसाडशे कोण?"

"अमे बे जण छीए," मी म्हणाले.

रिक्षा न्याय मंदिरापाशी गर्दीत अडकली, रबराचं वेटोळं माझ्या मांडीवर, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघं? कोण दोघं गं बाई? रिक्षा वळवायला सांगणार होते. पण दुकानात जाऊन काय सांगू? 'भाई, मोजण्यात चूक झाली, एकच आहे'? नाही गेले.

शनिवारी सकाळी जुनं रबर कापून काढलं, नव्यात काच बसवली, साबणाचं पाणी लावलं, दोरीची टोकं आत सोडली. आत जाऊन ओढायला लागले की काच बाहेर कलायची. धावत बाहेर येऊन दाबली की दोरी आत लोंबत राहायची. तीनदा असं आत-बाहेर केलं. चौथ्यांदा काच घसरली ती बॉनेटवरच्या गोधडीवर पडली, म्हणून वाचली. मग मात्र पायरीवर बसून रडले. चांगली मोठ्याने. ऐकतंय कोण?

ऐकत होत्या समोरच्या इंदिराबाई. त्यांच्याशी मी अबोला धरला होता. ह्यांच्या तेराव्याला, जेवून हात धुताना म्हणाल्या होत्या, "आता ती गाडी तरी दारातून हलेल." विसरेन का मी? पण रविवार उद्यावर आला होता. अडला हरी, म्हणत गेले आणि कडी वाजवली. गाढव कोण, हे तूर्त ठरवलं नाही.

"जरा काच दाबायला येता?"

त्या कणीक मळत होत्या. हात पुसत तशाच आल्या.

त्यांना बाहेर उभं केलं आणि मी आत बसले. धूळ नको म्हणून हे गाडीच्या खिडक्या बंद ठेवायचे, तशा मीही केल्या. आजवर बाहेरची जागा माझी होती. एरवी आमचं बोलणं बेताचंच, हे पेपरात आणि मी स्वयंपाकात. पण काच बसवताना अगदी समोरासमोर. ह्यांच्या कपाळाला आठ्या, ओठ सारखे हलताहेत, ऐकू काही येत नाही. मला वाटायचं, ओरडताहेत, नीट दाब म्हणून. मीही चिडून आणखी जोर लावायचे. नंतर विचारलं, काय बोलत होतात, की म्हणायचे, "काही नाही."

मी दोरी ओढायला लागले. कड टपटप चढत होती, काच थरथरत होती, आणि इंदिराबाईंची पीठ लागलेली बोटं अगदी काठाशी. आता तडकली तर हिचा हात जाईल.

"हात सांभाळा! अहो, हात सांभाळा!" दोरी संपेपर्यंत मी हेच म्हणत होते. त्या बाहेर डोळे वटारून आणखी जोराने दाबत होत्या.

तेव्हा मला कळलं. ओरडत नव्हते हो हे. कधीच ओरडत नव्हते.

दोरीचं टोक हातात आलं तरी मी उठले नाही. इंदिराबाईंनी न विचारता बादली उचलून काचेवर ओतली. बाहेरून सगळी काच ओली, आत एक थेंब नाही. माझेच डोळे गळत होते.

त्यांनी दार उघडलं. "एवढं काय ओरडत होतात माझ्यावर?"

"काही नाही," मी म्हणाले. मग त्यांचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट बघितलं. कुठे लागलं नव्हतं.